कंदील धरणारी

मेनिका : ओरडू नकोस. दचकून पडले, तर सोमवारी लेकीच्या लग्नात मला खुर्चीसकट उचलून आणावं लागेल.

पोर्झिया : ताई, आधी खाली उतर. वेदीवरच्या चित्राला हात लावतेस? तुझ्याकडे फरशी दिली होती, फरशी!

मेनिका : फरशी झाली. खांब झाले. मेणबत्त्यांच्या समया घासून झाल्या. बाईसाहेब आता उगवल्या, रेशमी ओढणी सावरत. आलीच आहेस तर शिडी धर.

(नेपल्समधलं बाजाराजवळचं चर्च, १६५२. ईस्टरच्या आधीचा बुधवार, भर दुपार. वस्तीतल्या बायका साफसफाई करून जेवायला गेल्या आहेत. मेनिका शिडीवर, हातात स्पंज. खाली तिची धाकटी बहीण पोर्झिया.)

पोर्झिया : त्या बादलीत काय आहे?

मेनिका : राखेचं पाणी.

पोर्झिया : अगं बाई! त्याने तेलकट पातेली निघतात, ताई. रंग टिकेल का त्यापुढे?

मेनिका : तुझ्या अंगाला लावत नाहीये. तू आहेस तशी आहेस, मधोमध, लोण्यासारखी. संत सेबास्टियनच्या मांडीतला बाण काढणारी पुण्यवान इरेन! मी माझ्या कोपऱ्यात घासतेय. मागं कंदील घेऊन मोलकरीण उभी आहे ना, ती मी. माझं तोंड मी धुतेय, त्यात कुणाच्या बापाचं काय जातं?

पोर्झिया : चर्चचा रखवालदार सेवेरो जेवून येईल. त्याने पाहिलं तर सरळ पाद्रीबाबांना बोलावेल.

मेनिका : सेवेरोनं आज तळलेले मासे घेतलेत, मी बघितलंय. तो झोपल्याशिवाय येत नाही.

पोर्झिया : पण आज काय झालंय तुला? इतकी वर्षं चित्र आहे तसंच आहे.

मेनिका : काल व्याह्यांकडं जेवायला होते. ती विहीणबाई विओलान्ते मासा वाढता वाढता म्हणते कशी, "तुमच्या त्या चित्रासाठी म्हणे निम्मी गल्ली चित्रकारापुढे बसली होती. ज्याला त्याला संतांच्या पंगतीत जागा हवी." सगळे हसले. त्याचंही काही नाही, मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या जिनेव्रानं मान खाली घातली, पोर्झी. माझ्या पोरीलासुद्धा वाटतं, आई थापा मारते.

पोर्झिया : लोकांच्या तोंडाला कोण लागणार?

मेनिका : तुला बरं आहे असं बोलायला. तापलेली पोरं आणून बायका तुझ्या पदराला लावतात. कोळणीनं टोपली उघडली की पहिला मासा तुला. तेलाचा एवढा मोठा व्यापारी, चित्र बघितलं आणि तुला मागणी घालून मोकळा झाला. आणि मी? डोंगरानं आग ओकली त्या वर्षी ह्याच चर्चमध्ये नऊ दिवस हात वर करून कंदील धरला. नऊ! तू तीन सकाळी बसलीस. जळते मी तुझ्यावर. घे, तोंडावर सांगितलं. वीस वर्षं जळतेय.

पोर्झिया : मला माहीत आहे.

मेनिका : माहीत असायचंच. तू कुठं आंधळी आहेस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कंदील माझ्या हातात आणि उजेड सगळा तुझ्या गालावर. त्या चित्रकार गास्पारेनं कंदिलाची पत्र्याची पाठ मुद्दाम माझ्याकडं केली होती. मी विचारलं, "माझा चेहरा दिसणार ना हो?" म्हणाला, "दिसेल, हळूहळू दिसेल." मग मेणबत्त्यांची काजळी बसत गेली आणि कसलं हळूहळू! हे बघ, नुसता स्पंज फिरवला की काळं पाणी.

पोर्झिया : ताई, बास झालं. झाकून टाकू ते.

मेनिका : थांब गं... अगं ए! कान! पोर्झी, माझा कान! वाळीसुद्धा आहे, आईची वाळी! बघ, बघ, वर बघ!

पोर्झिया : दिसली.

मेनिका : आता येऊ दे म्हणावं त्या विओलान्तेला! हाताला धरून आणते आणि इथं उभी करते. जरा सरकव शिडी. अजून. हनुवटीची कड दिसतेय. आता गाल.

पोर्झिया : पुढे नको घासूस.

मेनिका : का नको? गालाशिवाय का चेहरा असतो?

पोर्झिया : माझं ऐक ना.

मेनिका : तपकिरी गेलं... आता लालसर काहीतरी येतंय. विटेसारखं. हे काय आहे?

पोर्झिया : माती. आधी सगळ्या कापडावर लाल मातीचा हात देतात. मग जिथे उजेड हवा, तेवढंच रंगवतात. अंधार कुणी रंगवत बसत नाही, ताई. ती माती तशीच ठेवतात आणि वरून पातळसा काळा हात फिरवतात.

मेनिका : पण डोळे? नाक? इथं असणार ना नाक. काहीच नाही इथं. पोर्झी, इथं काहीच नाही!

पोर्झिया : उतर खाली.

मेनिका : म्हणजे विओलान्तेचं खरं. नऊ दिवस उभी राहिले ते एका कानासाठी? आणि तुला बरं हे सगळं ठाऊक, मातीबिती! तुला आधीपासून ठाऊक होतं.

पोर्झिया : उतर, मग सांगते.

मेनिका : नाही उतरत. आणि हे काय लागतंय बोटाला? आडवे ओरखडे. सुरीनं खरवडल्यासारखे.

पोर्झिया : खरवडलंच आहे. तीनदा रंगवला होता त्याने तुझा चेहरा. तीनदा खरवडला.

मेनिका : का?

पोर्झिया : म्हणाला, एका चित्रात एकच दिवा चालतो. तुझ्या तोंडावर जरा उजेड आणला की बघणारा थेट तुझ्याकडेच बघायचा. बाणाकडे नाही, संताकडे नाही. पाद्रीबाबा येऊन बघून गेले, तेही पहिल्यांदा तुझ्याच समोर उभे राहिले. मग म्हणाले, हे चालायचं नाही, लोक प्रार्थना कुणाची करतील?

मेनिका : आणि तुझ्या चेहऱ्याचं काय म्हणाला?

पोर्झिया : सोड ना.

मेनिका : काय म्हणाला?

पोर्झिया : म्हणाला, "हिच्यावर हवा तेवढा उजेड पाडा. काही बिघडत नाही."

मेनिका : (तोंड भिंतीकडे फिरवते.)

पोर्झिया : हसू नकोस.

मेनिका : हसत नाहीये. शिडी हलतेय, नीट धर. हे तुला कुणी सांगितलं?

पोर्झिया : त्यानेच. माझी शाल राहिली होती, ती न्यायला मी आले, तर हा सुरी घेऊन बसलेला. म्हणाला, "तुझ्या बहिणीला तूच समजावून सांग. तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नाही."

मेनिका : आणि तू सांगितलं नाहीस.

पोर्झिया : नाही.

मेनिका : बाजारात, पाणवठ्यावर, बारशाला, जिथं तिथं मी सांगत सुटले होते, की त्या अंधारात मी आहे. लोक तोंडावर हसायचे आणि तू बाजूला उभी राहायचीस. अगं, एक शब्द बोलली असतीस!

पोर्झिया : नाही धीर झाला. तूच एकटी जळतेस असं वाटतं तुला? बायका माझ्यापुढे गुडघे टेकतात ना, दर वेळी मला ती सुरी ऐकू येते. ही जागा मला मिळाली, कारण माझ्याकडे कुणी फार वेळ बघत नाही. हे कुणाला सांगायचं? तुला?

मेनिका : सोमवारी सांगायचं. लग्नाच्या जेवणात, विओलान्तेच्या समोर. आणि जिनेव्रा ऐकेल असं.

पोर्झिया : मग माझं काय राहील, ताई?

मेनिका : तुझं तोंड आहे की तिथंच. ते कुणी खरवडत नाहीये.

पोर्झिया : ...सांगेन. पण जेवणं झाल्यावर.

मेनिका : मटण वाढायच्या आधी.

पोर्झिया : मटण संपल्यावर. गोड यायच्या आधी. त्याहून आधी माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.

मेनिका : बरं. शपथ?

पोर्झिया : आईच्या वाळीची शपथ. आता उतर. पणतीची काजळी आणि थोडं तेल घेऊ, तो लाल डाग झाकू. कान राहू दे.

मेनिका : उतरते. पोर्झी, तू बघितला होतास का गं माझा चेहरा? खरवडायच्या आधी?

पोर्झिया : तिसऱ्यांदा रंगवलेला पाहिला.

मेनिका : कसा होता?

पोर्झिया : वीस वर्षं तुला सांगवलं नाही मला, इतका चांगला.