बटणांचा डबा

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर, बाकावर माझ्या शेजारी एक मावशी आणि एक तरुणी बोलत होत्या.

“हे काय गं, डब्याला बटणं?”

“व्हिडिओ गेम आहे, मावशी. बाबांसाठी घरीच केलाय. आत पत्त्याएवढा कॉम्प्युटर, वर छोटा स्क्रीन.”

“बाबांना गेमचं वेड?”

“अर्धांगवायू झालाय. व्यायामाचा चेंडू दिला की डाव्या हाताने भिरकावतात. म्हटलं, उजवी बोटं अशी तरी हलतील.”

“मग हलली?”

“अंगठा हलला. बटणं दोनदा बदलावी लागली.”

“आणि बोलणं?”

“पाच महिने एक शब्द नाही. काल बोलले.”

“अगं बाई! काय, तुझं नाव घेतलं?”

“‘हरलीस’ म्हणाले.”

“मुद्दाम हरली असशील.”

“छे हो! मी जीव तोडून खेळत होते.”