भंडाऱ्याला बांधलेलं मत

माझं माहेर वालूरकडलं, आन् दिलं मला हिकडं, सेलूच्या रस्त्यापासून आत, काळ्या रानातल्या गावाला. गावाचं नाव नका लिवू, मला अजून इथंच ऱ्हायचं हाय. लग्न झालं तवा मी लय शहानी व्हते, म्हंजे मला तसं वाटायचं. पयल्या मतदानाला गेले तर मालकाला इचारलं, शिक्का कुटं मारू, ते म्हनले मी सांगतो तिथं मार, आन् मी मारला बी, कुनाला मारला ते सुदिक माइत न्हाई. बाहेर आले तर बोटाला शाई. ती जाऊ ने म्हून मी भांडी घासना, सासूला म्हनलं बोट ठनकायलंय. सासू म्हनली, येवढं राज्य चालवून आलीस, ठनकनारच की. आसली मी येडी, शाईची हौस, मताची न्हाई.

तर काय सांगू तुमाला, आमच्याकडं मत आदी देवळात जातंय, मंग मशिनीत. गावात आबा म्हनून मोठे हायेत, पिढ्यान् पिढ्या गाव त्यायच्याच घरात. इलेक्शन जवळ आलं की एकेका गल्लीला खंडोबाच्या देवळात बोलावतेत, हातावर बेलाचं पान आन् हळदीचा भंडारा ठिवतेत, आन् म्हनायचं, माझं मत आबालाच. भंडारा उचलला की मत देवाला बांधलं. दारू पिऊन लोक उलटतेत, भंडारा उचलून कुनी उलटत न्हाई. मशिनीत कुनी बगत न्हाई, कबूल, पर देव बगतो ना. शाळंतले सर झेंड्याला भाषन करतेत, लोकशाहीत समद्यायचं मत सारखं. सारखंच हाय की बाबा, समद्यायचं एकाच देवळात बांधलेलं.

आन् आमची गल्ली टोकाला. पावसात ही काळी माती अशी धरती की चप्पल रुतली तर सोडूनच पुढं जावं. दर इलेक्शनला रस्त्याचा म्हून मुरमाचा एक ढीग येऊन पडतो, तेवढाच. गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनंला, सुरेखाला, कळा सुरू झाल्या. दवाखान्याची गाडी आली ती तिकडं डांबरीवर हुबी, हिकडं येईना. माझा लेक ज्ञानोबा आन् शेजारचे गडी, बाज खांद्यावर घेऊन निघाले, घसरायले, उठायले, परत घसरायले, आन् तिथंच, वाटंत, लेकरू आलं. रडलंच न्हाई. पोरगी व्हती. केस लय दाट व्हते हो तिचे.

थांबा, पानी पिते.

सुरेखा आंथरुनातच व्हती, तवर ग्रामपंचायतीच्या इलेक्शनचं देवळातलं बोलावनं आलं. मी गुडघे दुखायलेत म्हून थाप मारली आन् घरी बसले. ज्ञानोबा गेला. मंग एक दिवस सुरेखा उठली आन् म्हनली, आत्याबाई, मी मेंबरला हुबी ऱ्हाते, आबाच्या पुतन्यासमोर. मी आदी हसलेच. म्हनलं, माय, तुला भाषन येतंय का? ती म्हनली, रस्ता मागायला भाषन कशाला लागतंय.

घरोघर गेली. बायांनी चहा पाजला, गळ्यात पडून रडल्या, म्हनल्या, सुरेखा, तुझंच खरं हाय, पर आमी भंडारा उचललाय, उलटलो तर लेकराबाळाचं वाईट व्हईल. लेकराबाळाचं, आन् कुनापुढं म्हनायल्या! सुरेखा म्हनली, बाई, मी तर उचलला बी न्हवता, माझं गेलंच की. बाया कपबश्या उचलायल्या.

निकाल लागला. आबाच्या पुतन्याला डोंगरभर मतं, आन् सुरेखाला दोन.

मालक कवाच वारले, घरात मतदार आमी तिघं. सुरेखानं ताटं वाढली आन् माझ्याकडं बगितलं. म्हनलं, माझ्याकडं काय बगायलीस, मी तुझंच बटन दाबलं. मंग तिनं नवऱ्याकडं बगितलं. ज्ञानोबानं मान वर केलीच न्हाई, म्हनला, आई, मी भंडारा उचलला व्हता. म्हनलं, आरं, लेकरू कुनाचं व्हतं? तो ताटावरून उठला. सुरेखानं त्याची भाकर झाकून ठिवली, माझ्याच्यानं नसती ठिवली गेली.

आता पंचायत समितीचं इलेक्शन आलंय. परवा परत बोलावनं आलं. शेजारच्या मंगलला आठवा म्हयना लागलाय, तिचाच नवरा हाक मारायला आला, ज्ञानोबा, चल. ज्ञानोबानं टोपी घातली. सुरेखा दारात हुबी ऱ्हायली, म्हनली, जावा, पर मूठ उघडू नका, मंगलकडं बगून तरी उघडू नका. तो गेला. आमी दोघी सासूसुना वट्ट्यावर बसून ऱ्हायलो, ती वाटंकडं बगती, मी तिच्याकडं.

आला परत. तळहात पिवळा.

म्हनला, समद्यायनी हात पुढं केला, मी एकटा काय करू. तिनं लोट्यानं त्याच्या हातावर पानी घातलं, सोताच चोळून धुतला, कुनी लहान्या लेकराचा धुवावा तसा. मंग माझ्यापाशी येऊन बसली, म्हनली, आत्याबाई, पुढल्या ग्रामपंचायतीला मी परत हुबी ऱ्हानार.

म्हनलं, ऱ्हा माय, खंडोबा तुला औक्ष देवो. दोन मतं तर हायेतच आपली. तवर मी जगले तर.