लाल फुलीचा डबा

आज आठ डिसेंबर, सोमवार. सोमवार म्हणजे रविवारचा माल, पार्सलचे डबे, बाटल्या, ऑनलाइनचे खोके, दुप्पट असतो. पण आत्ता हातात काम आहे ते हे फिनेलचे रिकामे कॅन धुवायचं, बारा आहेत, तुम्ही बसा तिकडं उलट्या बादलीवर, मी धुताधुता सांगते. कॅन कशाला ते शेवटी सांगेन, आधी सांगितलं तर तुम्हाला कळणार नाही.

मी शोभा, लातूरकडची. लग्न होऊन दिघीला आले ते आजवर दिघीलाच, एक खोली आणि वर पत्रा. मालक टेम्पो चालवायचे, आता पाठीमुळं घरी असतात. मी आधी चाकणला होते बघा, कंपनीत, म्हणजे कंपनीची नव्हे, कॉन्ट्रॅक्टरची, सात महिने झाले की ब्रेक, ब्रेक झाला की परत नवीन. रबराच्या रिंगा तपासायचं काम. चांगली इकडं, खराब तिकडं. खराब मालाचा डबा लाल, त्याला कुलूप, आणि त्यात हात घालायचा नाही हा नियम, साहेबाचा असला तरी नाही. का, तर खराब माल परत चांगल्यात गेला तर कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक जातो. हे एक मी चाकणला शिकले, बाकी काय मिळालं नाही.

तिथं माझी नजर गेली. जवळचं दिसेना. मी काय केलं, रिंग बोटांत फिरवून तपासायला लागले, बोटाला चीर बरोबर लागते, एकही खराब रिंग माझ्या हातून पुढं गेली नाही, काय सांगू तुम्हाला, एकही नाही. पण शेजारच्या बाईनं सुपरवायझरला सांगितलं, हिला दिसत नाही म्हणून. खरंच होतं ते. त्या ब्रेकनंतर मला परत बोलावलं नाही. चष्मा करून आणते म्हणलं, तर म्हणाला, मावशी, चष्म्याला थांबायला आमच्याकडं वेळ कुठंय. चष्मा मग मी केलाच, हा बघा.

तेव्हापासून इथं, पिंपळे सौदागरला, या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी आणि कांता. सोसायटीचं नाव लिहू नका. ओला कचरा खताच्या टाकीत जातो, सुका आमच्याकडं. पुठ्ठा, कागद, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पातळ प्लास्टिक, सगळं वेगळं केलं की त्याचं परत काहीतरी होतं. नाही केलं की ते मोशीच्या कचऱ्याच्या डोंगरावर. मी बसमधून बघितलाय तो डोंगर, वारा फिरला की वासही येतो. लोक म्हणतात आम्ही कचरा देतो. अहो, तुम्ही माल देता, त्यात उष्टी भाजी ओतली की त्याचा कचरा होतो.

आणि घरं ओळखू येतात. पिशवी उघडली की घर समोर. कोण आजारी, कुणाकडं पाहुणे, कोण बायकोला चोरून पितो, सगळं. कांता नि मी हसतो आपसांत, पण फाटकाबाहेर शब्द नेत नाही. न्यायचा म्हणला तर बारा मजल्यांत भांडणं लागतील.

एक घर होतं, आहे. मजला विचारू नका. त्यांच्या पिशवीला फुलपुडीच्या दोऱ्याची गाठ असते, रोज देवाला फुलं येतात ना, तो दोरा टाकायचा नाही, त्यानं पिशवी बांधायची. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून. सोसायटीनं सव्वीस जानेवारीला त्या मॅडमना स्वच्छ घर म्हणून सर्टिफिकेट दिलं, टाळ्या आम्हीपण वाजवल्या. त्यांची मुलगी हिंजवडीला कामाला जाते. पिशवी कधी तीच खाली आणायची, गुड मॉर्निंग मावशी म्हणायची. अख्ख्या बिल्डिंगमध्ये म्हणणारी ती एकटीच.

तर त्या दोऱ्याच्या पिशवीत एक कॉर्नफ्लेक्सचा खोका होता. खोका आला की आम्ही काय करतो, तळहातानं दाबून चपटा करतो, दिवसातून शेकडो वेळा, त्यात बघायचं काय. दाबला, आणि तळहातात कच्‌कन गेलं. हातमोजे होते, कापडी. खोका उघडला तर आत दुसरी पिशवी, तिच्यात सुया. इन्शुलिनच्या, त्या बारीक. पिशवीत पिशवी, वरून चिकटपट्टी, कुणाला दिसू नये म्हणून केवढी मेहनत. तेवढीच मेहनत कागदात गुंडाळून लाल खूण करायला लागली असती, सोसायटीचा नियमच आहे तसा. पण लाल खूण दिसते ना. दारावरून कचरा उचलणारा पोरगा बघतो, शेजारीण बघते.

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, सुईतून एचआयव्हीसारखं काही येऊ नये म्हणून आजच गोळ्या सुरू करू, कुणाची सुई ते माहीत आहे का, त्या माणसाचं रक्त तपासू, चांगलं निघालं तर गोळ्या बंद करता येतील, नाही कळलं तर महिनाभर रोज गोळी घ्यायची, मळमळ होईल, मधे सोडायची नाही. म्हणलं, माहीत आहे की, विचारून येते.

गेले वर. मॅडमनी दार अर्धं उघडलं. म्हणलं, मॅडम, तुमच्या खोक्यातली सुई मला लागली, ज्याची असेल त्यानं तपासायला थोडं रक्त दिलं की माझं काम होतं, मी कुणाला सांगत नाही. त्या म्हणाल्या, आमच्यात कुणाला शुगर नाही. मी शुगर म्हणलंच नव्हतं. म्हणलं, दोरा तुमचा आहे. त्या म्हणाल्या, फुलपुडी काय आमच्या एकट्याकडं येते का हो शोभाबाई, आणि दार लावलं. मागं मुलगी उभी होती. तिनं मला बघितलं, मी तिला. त्या दिवसापासून गुड मॉर्निंग बंद. जिन्यानं उतरते, आमच्याकडं न बघता जाते.

सेक्रेटरी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, हातमोजे होते का? होते. मग नीट बघून काम करत जा. झालं. गोळ्या चालूच राहिल्या. काय सांगू तुम्हाला, सकाळी गोळी घेतली की बस नाशिक फाट्याला येईपर्यंत तोंडाला पदर. कांता म्हणायची, अगं सांगून टाक सगळ्यांना, कुणापायी ओकतेस एवढी? त्या पोरीचं लग्न जमायचंय म्हणून झाकतायत, कळत नाही का तुला? कळत होतं मला. पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मग गेल्या आठवड्यात एक बाई पार्किंगमध्ये आली, जरीची साडी, आम्हाला वाटलं चुकून आली. मॅडमच्या मुलीला स्थळ आलं होतं, त्या मुलाची आत्या होती. चौकशीला. वॉचमनला विचारून झालं होतं, आता आमच्याकडं. म्हणाली, मावशी, तुमच्यापासून काय लपतं, घर कसं आहे, मुलगी कशी आहे, तब्येतीनं बरी आहे ना? कांतानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात गोळीची कडू चव होती, आणि एका शब्दाचं काम होतं.

आता तुम्ही म्हणाल शोभा मोठ्या मनाची. तसलं काही लिहू नका. मला मॅडमचा राग होता, अजून आहे, जाणार नाही. पण मला ती चाकणची बाई आठवली. तीपण खरंच बोलली होती. आणि दुसरं, लग्न होवो नाहीतर मोडो, सुया थोड्याच थांबतात? हितं झाकलं तसं तिकडं झाकतील, आणि तिकडल्या पार्किंगमध्ये दुसरी कुणीतरी तळहातानं खोका चपटा करत असेल. म्हणून मी म्हणलं, ताई, घरातलं मला विचारू नका, मुलीला विचारा, एकटीला विचारा, ती खोटं बोलायची नाही. आत्या हसली. म्हणाली, बरं बाई, आता कचरेवाल्यांचेपण भाव वाढले, आणि गेली. विचारलं का नाही, मला माहीत नाही.

काल मॅडम स्वतः खाली आल्या. हातात पेढे. जमलं हो, म्हणाल्या, आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही चांगलंच सांगितलंत, आमच्या लक्षात राहील. म्हणलं, मी काहीच सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, तेच. माझ्या हाताकडं एकदा बघितलं आणि लिफ्टकडं गेल्या. अजून नऊ गोळ्या आहेत, रक्ताची तपासणी पुढं परत. ते त्यांनी विचारलं नाही. पेढा मी कांताला दिला, माझ्या पोटात राहिला नसता.

तर हे कॅन सुयांसाठी. जाड आहेत, सुई बाहेर येत नाही, झाकण फिरवून घट्ट बसतं. वर लाल फुली काढायची ती नेलपॉलिशची, अर्ध्या अर्ध्या बाटल्या टाकतात पोरी, लाल रंगाला तोटा नाही. उद्या या, बघायचं असेल तर.

आलात, बरं झालं. आज सकाळी सातच्या आत मी बाराही मजल्यांवर एकेक डबा ठेवला. एकाच दारापाशी ठेवला असता तर ते बोट दाखवणं झालं असतं. लिफ्टपाशी कॅमेरा आहे, म्हणून जिन्यात ठेवले, पाण्याच्या मोठ्या पाइपामागं, तिथून कुणी येत जात नाही. ती मुलगी एकटी तेवढी उतरते, उतरताना तिला फुली दिसेल. सेक्रेटरी साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर मीटिंग लागली असती.

मग खाली आले, गोळी घेतली, पिशव्या घेतल्या. दोऱ्याची पिशवी आली. आत पेढ्याचा खोका. पूर्वी हात सरळ वर पडला असता. आज हातात घेऊन कानाशी हलवला. वाजला.

कालचा कचरा तो, डबा तर आज ठेवला, म्हणून आत्ताच काही म्हणत नाही. चिमट्यानं खोका उघडला, सुया काढल्या, परत जिना चढले, आणि त्यांच्या मजल्यावरच्या डब्यात पहिल्या सुया मीच टाकल्या. झाकण लावलं. पोरगी सुखात राहो. आता तिनं जिन्यानं उतरताना थांबायचं का नाही, ते तिचं तिनं बघावं.