मन देवापाशी, हात मशिनवर

…नाही, पण मला सांगा, डोळे मिटून शिवायचं तर सुई कुठे जाणार? कापडातच जाईल याची हमी कोण देणार, देव? तुम्हाला सांगते, बावीस वर्षं या शिवणखान्यात इस्पितळाच्या चादरी शिवतेय, 'गाढवा'च्या पुढे कधी जीभ गेली नाही माझी, आणि विटंबना म्हणे मी केली!

आमचे मॅनेजर भारी देवभक्त. रोज सकाळी भोंग्यावर प्रार्थना लावतात, पाच मिनिटं. पण मशिनं थांबवायची नाहीत हं! पाच मिनिटं म्हणजे चाळीस चादरी! "बायांनो, डोळे मिटा. मन देवापाशी, हात मशिनवर!" आणि बोट? बोटाचं काही बोलले नव्हते!

बाकीच्या बाया एक डोळा किलकिला ठेवतात. मी खुळी, मनापासून मिटते! परवा गेली ना सुई नखातून आरपार… नेमकी प्रार्थना दोन क्षण थांबलेली, आणि त्या शांततेत माझ्या तोंडून तो शब्द! लहानपणी शेजारचा ट्रकवाला टायर बसला की म्हणायचा तो, देवाचं नाव जोडून, अख्खा! रक्ताची धार लागली, आणि सुपरवायझर बाई काय किंचाळाव्यात? "अगं, देवाला शिवी! आणि चादरीला डाग!" बोट बघितलं का कुणी? छे! आणि विटंबना म्हणे मी केली!

लागली चौकशी. ह्यांचं काम गेल्या वर्षी सुटलं, घर माझ्या एकटीच्या मशिनवर, म्हणून गेले हात जोडायला, तर एका हाताला हे एवढं बँडेज! समोर मॅनेजर, बाई, आणि लिहून घ्यायला कारकून.

"काय शब्द उच्चारलात?"

"नको हो साहेब…"

"नोंदीला लागतो."

पुटपुटले. कारकून म्हणतो, "मोठ्यानं, मावशी." मोठ्यानं म्हटला. बाई म्हणतात, "शेवट नीट ऐकू नाही आला." अहो, प्रार्थनेत एकदा निसटला, त्या खोलीत सहादा वदवून घेतला! वर कारकुनानं वाचून दाखवला, अगदी चवीनं, आणि तिघांनी माना डोलवल्या. आणि विटंबना म्हणे मी केली!

शेवटी धीर करून म्हटलं, "साहेब, खरं सांगू? रोज नुसते ओठ हलतात. देवाला खरी हाक मारली ती त्याच क्षणी."

"अर्थ सांगू नका! माफीनामा द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"कुणाच्या नावे लिहू?"

"देवाच्या. मॅनेजरांमार्फत."

लिहिला. करता काय? पोटाचा प्रश्न. दुपारी परत आला, लाल शाईचा शेरा मारून: 'दोन प्रती जोडाव्यात.' एक ऑफिसला, एक देवाला. डाव्या हातानं दुसरी खरडली. ऑफिसची लगेच फाइलीत गेली, नोकरी राहिली. देवाची पुढे केली, तर कारकून वर न बघताच म्हणाला, "ती तुमच्याकडेच ठेवा, मावशी… ते इथे येत नाहीत."