मशीनवरचं बटण

"बाबांनी बटण फिरवलं असं मालकांना सांगताना जीभ कशी झडली नाही तुझी?"

दवाखान्यात शेजारच्या बाकावर बसलेल्या शिंप्याने मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच लावले.

"ताई, हळू बोल."

"का? कारखान्यात मुलाम्याच्या टाकीचा करंट केबिनमधून तू सोडतोस. पॉवर सप्लाय रिमोटवर टाकला की मशीनवरचं बटण कितीही फिरवा, काही होत नाही. घरी ऐटीत तूच सांगायचास ना?"

"केबिनच्या वायरीत बाहेरचे झटके अडवणारा आयसोलेटर असतो, तो जळला होता गं. नवा येईपर्यंत वायर थेट जोडली. शेजारच्या मोटरचा झटका तिच्यात शिरेल, हे मला काय माहीत?"

"मग आयसोलेटर काय शोभेला लावतात? करंट एकदम चढला, टाकीपाशी बाबा होते. हात भाजला तो भाजला, वर नोकरी जाणार त्यांची!"

"माझी गेली तर घर तू चालवशील?"

आतलं दार उघडलं. हाताला पट्टी बांधलेले बाबा बाहेर आले, मुलापाशी थांबले.

"काय रे, सगळे म्हणतायत, पण मला काही आठवेना. मी खरंच फिरवलं होतं का ते बटण?"

ताईने भावाकडे पाहिलं. आता शिंप्यानेही मान वळवली.

"बाबा, मला निघायला हवं आता."