आजोबांखालची चटई

धुळ्यात साखरपुड्यात नवरदेवाच्या आजोबांखाली नवीकोरी प्लास्टिकची चटई पापडासारखी मोडली. असं काही घडलंच नाही, हे ठरवूनही नवरीची आई आणि मामा जळगावच्या एसटीत, माझ्या पुढच्या सीटवर, पारोळ्यापर्यंत तेच बोलत होते. चटई मामाच्या कारखान्यातली.

"शालिग्राम, सोयरीक मोडली असती म्हणजे?"

"अक्का, माल रोजचाच होता. दोन जातीचं प्लास्टिक, निम्मं-निम्मं."

"मग रोजची का नाही मोडत?"

"रोज वितळवून दोनदा घोटतो. साखरपुड्याची घाई, म्हणून एकदाच घोटलं. दोन्ही एकजीव झालं नाही."

"म्हणजे जोंधळा अन् उडीद वेगवेगळे दळून ताटात शेजारी ठेवले, अन् म्हटलं, घ्या, कळण्याची भाकर!"

"तसंच. पण आजोबा हसले ना?"

"हसले. म्हणाले, पोरगी पसंत, चटई नापसंत."

"झालं तर! लग्नाला दोनदा घोटलेली आणतो."

"लग्नाला सतरंजी."

"मग माझा अर्ज तरी पोचव, अक्का. 'वरपक्षाने सदर आजोबांना, आहे त्याच वजनासह, नव्या चटईवर पुनश्च बसवून चाचणीस सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'"