वितोमिरच्या नावापुढचं साल

आजच्या सभेचे अध्यक्ष पूज्य फादर गावरिलो, व्यासपीठावरचे नगराध्यक्ष, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते स्मारक समितीचे प्रमुख राडिसावदादा, पूल बांधणाऱ्या तुकडीचे माजी सैनिक, त्यांच्या घरच्या बायका आणि नदीकाठच्या माझ्या भावाबहिणींनो,

राडिसावदादा उद्या लेकीकडे व्हिएन्नाला कायमचे निघाले. समितीची खजिनदार म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. दादांचे कष्ट कोण नाकारील? तुकडीच्या स्मारकासाठी ते दारोदार फिरले. कोणी दार लावून घेतलं तर खिडकीतून डोकावून ओरडायचे, "राकिया नको, वर्गणी द्या!" आणि मग राकियाचा पेलाही चढवून यायचे. हसा, हसा, तेही हसताहेत.

दगड आला, नावं ठरली. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. जो गेला त्याच्या नावापुढे मरणाचं साल. जो हयात आहे त्याचंही नाव, पण सालाची जागा कोरी. अडलं ते एका वितोमिरपाशी. लढाईत पूल कोसळला तेव्हा तो नदीत पडला. देह मिळाला नाही. दादांनी साक्ष दिली, "माझ्या डोळ्यांदेखत बुडाला." त्याची बायको स्तामेना, ती काय तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिचं एकच म्हणणं होतं: "जागा कोरी ठेवा, मग माझी वर्गणी घ्या." तिला कोण काय नाही बोललं! "वर्गणी वाचवायला नवऱ्याला जिवंत ठेवलाय," इथपर्यंत.

पुढे स्मारकाचा बहुतेक खर्च एकाच देणगीतून निघाला. देणगीदार कोण? दादा म्हणाले, "परदेशातला हितचिंतक आहे, वहिनी. नाव नको म्हणतो." अट मात्र होती. वितोमिरच्या नावापुढे साल कोरलंच पाहिजे.

मी घर चालवणारी बाई. शेजारणीने दिलेली कोबीसुद्धा मी पान उलगडून बघते. ज्याला स्वतःचं नाव नको, त्याला दुसऱ्याच्या मरणाचं साल कशाला हवं? दादांना विचारलं, तर म्हणाले, "दोब्रिलावहिनी, तुम्ही प्रभूकडेही पावती मागाल!"

मी म्हटलं, "त्याच्याकडे नाही, दादा. त्याचं नाव घेऊन वर्गणी जमवणाऱ्यांकडे."

गेल्या रविवारी चर्चमध्ये मी मेणबत्त्यांची थोटकं वेचत होते. ते मेण वितळवून पुन्हा वापरता येतं. दादा आले. गेलेल्यांसाठी मेणबत्ती खालच्या वाळूत, हयात असलेल्यांसाठी वरच्या, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. दादांनी खाली बायकोसाठी लावली, तुकडीतल्या गेलेल्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन लावली. हातात एक उरली. ती त्यांनी वर खोचली आणि पुटपुटले, "वितोमिरच्या आरोग्यासाठी."

समितीच्या बैठकीत माणूस काहीही बोलेल. पण बुडालेल्या माणसाचं आरोग्य देवाकडे कोण मागेल?

कोणी म्हणेल, दुसरा वितोमिर असेल. असेलही. मग दादा, खांबाआडून मी पुढे आले तशी तुम्ही ती फुंकून का विझवलीत? खिशात का टाकलीत?

निरोपाच्या दिवशी हे काढू नये, असं मलाही वाटत होतं. पण दादा उद्या जाणार आणि कोरणारा कारागीर परवा येणार. छिन्नी लागली की स्तामेना विधवा झाली, तीही गावाच्या साक्षीने. आणि हे वैधव्य कोणाच्या पैशाने आणलं? मला जो संशय येतोय तो जिभेवर आणायला मी धजत नाही. तो खोटा ठरला तर याच सभेत मी दादांच्या पाया पडेन.

फादर, आपण वेळ दिलात; नगराध्यक्षसाहेब, आपण सभागृह दिलंत; आयाबायांनी पहाटेपासून स्वयंपाक केला. सगळ्यांची ऋणी आहे. अडाण्यासारखं काही बोलून गेले असेन तर पदरात घ्या. टाळ्या मात्र आत्ता वाजवू नका. स्तामेना उठून उभी राहिली आहे. दादा काय सांगतात, ते तिला ऐकू येऊ दे.